कचेरींतील धूर आणि वाफ

घरांत वडील माणसांसमोर विडी-सिगारेट न ओढण्याचा संकोच आपल्याकडे फार जुना आहे. परंतु तोच गृहस्थ कचेरींत पोंचला कीं त्याचा संकोच सरत असे, आणि शेजारच्या मेजावर बसणाऱ्यास दिवसभर त्याचा धूर निमूटपणें गिळावा लागे. ज्यानें जन्मांत सिगारेट हातीं धरली नाहीं, त्याच्या फुप्फुसांनीं हें प्रायश्चित्त कां घ्यावें? या साध्या प्रश्नांतूनच आजचे सारे नियम निघाले आहेत.

मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं इस्पितळें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, सरकारी कचेऱ्या व आगगाड्या यांत धूम्रपानास मनाई केली. पुढें २००३ सालीं कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनीं खासगी कचेऱ्यांसह कामाच्या जागाही या मनाईखालीं आणल्या. ओढणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड आहे; पण या नियमांचें खरें मर्म दंडांत नाहीं. जागेचा मालक किंवा व्यवस्थापक यानें मनाईचा फलक लावावा, तक्रार कोणाकडे करावी त्याचें नांव तेथें लिहावें, रक्षापात्रें ठेवूं नयेत. आणि तक्रार येऊनही तो स्वस्थ बसला, तर घडलेल्या गुन्ह्यांइतका दंड त्याच्याच माथीं बसावा, अशी ही योजना आहे.

धुराची अशी वाट लागते न लागते, तोंच वाफेचा प्रश्न पुढें आला. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानें २००३ च्या सुमारास घडविलेली विजेची सिगारेट आज जगभर पसरली आहे. तींत तंबाखू जळत नाहीं. लहानशा विद्युत्घटावर एक तार तापते, आणि ग्लिसरीनसारख्या द्रवांत बहुधा निकोटिन मिसळून केलेलें मिश्रण सूक्ष्म तुषारांच्या रूपानें श्वासांत जातें. राख नाहीं, जळका वास नाहीं. म्हणून ती निरुपद्रवी, असा समज होतो. परंतु व्यसन जडविणारें निकोटिन तेंच!

येथें जुन्या नियमांची भाषा अपुरी पडते. इंग्लंडांत १ जुलै २००७ पासून बंद कार्यस्थळीं धूम्रपानास बंदी आहे. पण तो कायदा पेटविलेल्या पदार्थांविषयीं असल्यानें वाफेचा निर्णय मालकांवर राहिला. २०१४ सालीं तेथील एका शाळेंत भोजनव्यवस्थेच्या कामावर असलेल्या बाईनें विद्यार्थ्यांदेखत असें यंत्र ओढल्याची तक्रार झाली, आणि चौकशीपूर्वींच तिनें राजीनामा दिला. प्रकरण कामगार न्यायाधिकरणापुढें गेलें. निकाल तिच्याविरुद्ध लागला. पण शाळेच्या धूम्रपानविषयक नियमांत या यंत्राचा निषेध नव्हता, ही उणीव मात्र सर्वांच्या ध्यानीं आली. जो नियम लिहिलाच नाहीं, तो मोडल्याबद्दल कोणाची भाकरी काढून घेणें न्याय्य कसें ठरावें?

आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानें या सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात व सांठा हे सर्व गुन्हे ठरविले. मात्र नुसत्या ओढण्यास त्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं. २००३ च्या कायद्यांतील व्याख्या तर तंबाखूच्या धूम्रपानाची. म्हणून प्रत्येक संस्थेनें आपल्या सेवानियमांत या यंत्राचा नांवानिशीं उल्लेख करणें अगत्याचें आहे.

नियम करतांना एक विवेक मात्र राखावा. व्यसन हा दुर्गुण मानून माणसास चारचौघांत लाजविल्यानें तें सुटत नाहीं. तो केवळ जिन्याखालीं लपून ओढूं लागतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेनें २०१६ सालीं असा सल्ला दिला कीं, वाफ ओढणाऱ्यांना सिगारेट ओढणाऱ्यांच्याच कोपऱ्यांत उभें राहण्यास भाग पाडूं नये. कारण सिगारेट सोडूं पाहणारा तेथें पुन्हा तिच्याकडे वळण्याचा संभव असतो. तोक्योच्या पियाला या कंपनीनें २०१७ सालीं वेगळीच युक्ति योजिली. सिगारेटसाठीं वारंवार उठणाऱ्यांचा वेळ फुकट जातो, अशी कुरकुर झाली तेव्हां तिनें ओढणाऱ्यांचे पगार कापले नाहींत. न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवसांची अधिक रजा दिली. आपल्याकडे व्यसन सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं सरकारचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनि आहे. मनाईच्या फलकाखालीं तो आंकडाही लिहिला, तर फलकास थोडी माणुसकी येईल.

अखेर, नियमाची कसोटी एकच. साहेब आपल्या दालनांत धूर किंवा वाफ सोडीत असतां नवशिका कारकून वा झाडलोट करणारी बाई तक्रार करूं शकते काय, आणि तक्रारीनंतर तिची नोकरी शाबूत राहते काय? जेथें याचें उत्तर होकारार्थी, तेथेंच नियम आहे. अन्यत्र आहे तो केवळ भिंतीवरचा फलक.