गोजिरा झालेला गोजिरा

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख ज्या जपानी मच्छीमार नौकेवर पडली, तिच्यावरील बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला, आणि त्याच्या मृत्यूला पुरता दीड महिनाही लोटला नसताना, ३ नोव्हेंबरला, तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ हा महाकाय श्वापदाचा चित्रपट जपानच्या चित्रगृहांत अवतरला. दिग्दर्शक इशिरो होंडा १९४६ साली चीनमधील युद्धकैदेतून परतताना हिरोशिमावरून गेले होते. पडद्यावरील बेचिराख तोक्यो त्या प्रवासाच्या स्मृतीतून उभे राहिले आहे. चित्रपटाच्या अखेरीस शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा आपल्या भयंकर शस्त्राची टिपणे जाळतो आणि ते गुपित कोणा सरकारच्या हाती लागू नये म्हणून त्या श्वापदाबरोबर स्वतःही समुद्रतळाशी संपतो. वर नौकेवर वृद्ध प्राध्यापक यामाने मात्र, अशा चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल, असे पुटपुटतात.

त्यांचे ते उद्गार होंडांच्या लेखी ताकीद होते. कंपनीच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद सनद म्हणून झाली असावी, कारण सहा महिने उलटण्यापूर्वीच, एप्रिल १९५५ मध्ये, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हातून दुसरा गोजिरा खरोखरच आला. १९५६ साली अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत तर रेमंड बर या नटाचा वार्ताहर मध्ये घुसवून, अण्वस्त्रांविषयीची बरीचशी चर्चा आणि यामान्यांची ती ताकीद दोन्ही कापून, संकट टळले व जग पुन्हा निर्धास्त झाले अशी ग्वाही देण्यात आली. राक्षस तेवढा ठेवून घेतला.

परंतु मूळ कर्त्याच्या दृष्टीशी द्रोह झाला अशी फिर्याद मांडू पाहणाऱ्याची पंचाईत पुढेच होते, कारण १९६२ साली किंगकाँगशी गोजिराची कुस्ती लावली ती होंडांनीच, १९६४ साली तीनमुखी घिदोराविरुद्ध त्याला पृथ्वीचा रक्षक केला तोही होंडांनीच, आणि १९६५ साली परग्रहावर त्याने विजयाच्या भरात उड्या मारल्या त्याही त्यांच्याच दिग्दर्शनाखाली. (आपल्या भाषेत ‘गोजिरा’ म्हणजे लाडिक, सुंदर, जपान्यांना याची कल्पना नसणार, पण दहा-अकरा वर्षांत त्यांनी त्या शब्दाचा मराठी अर्थ खरा करून दाखवला.) कर्ता स्वतःच कंपनीचा चाकर असला म्हणजे त्याच्या दृष्टीचा मुखत्यार कोणाला मानावे? मला तर १९५४ चे होंडा आणि १९६५ चे होंडा यांत पहिल्यांचीच साक्ष ग्राह्य वाटते, दुसरे होंडा कितीही सालस व कुशल असले तरी. १९७१ साली योशिमित्सु बान्नो यांनी कारखान्यांच्या मळीवर पोसलेल्या हेदोराशी गोजिराला झुंजवले, तेव्हा निर्माते तोमोयुकी तानाका यांची त्यांच्यावर गैरमर्जी झाली. वास्तविक त्या विक्षिप्त चित्रपटात, गोजिरा तोंडातील ज्वाळेच्या जोरावर उलटा उडतो हे पोरकट दृश्य धरूनही, स्वतःच्या काळाचे विष ओळखण्याची मूळची वृत्ती इतर कित्येक आज्ञाधारक चित्रपटांहून अधिक होती.

अमेरिकन उत्तरभागांनी नावे जपली आणि अर्थ फिरवला. २०१४ च्या चित्रपटात बिकिनीवरील स्फोट हा गोजिराला मारण्याचा प्रयत्न ठरतो, म्हणजे अपराधाचेच बचावात रूपांतर होते. २०१९ मध्ये तर सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ गोजिराला जगवण्यासाठी स्वहस्ते अण्वस्त्राचा स्फोट करून प्राण देतो. ज्या नावाच्या माणसाने शस्त्र जगाच्या हाती पडू नये म्हणून मरण पत्करले, त्याच्या नावावर ही नवी जमा झालेली पाहून मी खुर्चीत अस्वस्थ झालो होतो.

याउलट, २०२३ साली त्याच ३ नोव्हेंबरला आलेल्या ताकाशी यामाझाकींच्या ‘गोजिरा मायनस वन’ने मूळ चित्रपटाला तोंडावर नकार दिला. आत्मघाती हल्ल्याच्या कामगिरीतून निसटलेला वैमानिक शिकिशिमा बाँबने लादलेले विमान श्वापदाच्या जबड्यात घालतो खरा, पण सेरिझावासारखा मरत नाही. ऐन क्षणी आसनासकट बाहेर फेकला जाऊन तो वाचतो, कारण युद्धात माणसांचे प्राण फार स्वस्त झाले होते ही त्या कथेची मूळ तक्रार आहे. होंडांच्या नायकाचे मरण नाकारणाऱ्या या चित्रपटात होंडांची भीती मात्र शाबूत आहे: रुग्णालयातील पुनर्भेटीच्या आनंदात, शिकिशिमाबरोबर राहणाऱ्या नोरिकोच्या मानेवर एक काळा डाग सरकताना दिसतो, आणि खोल पाण्यात मांसाचा एक तुकडा हळूहळू वाढू लागतो. यामाने तेथे कोणी नाही, आणि ते वाक्य कोणी उच्चारतही नाही.