सव्वा महिन्यानंतरचं काय?

बाळंतिणीने सव्वा महिना कामाला हात लावायचा नाही, हा नियम पंढरपूर तालुक्यातल्या करकंब गावात कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नाही, तरी तो घरोघरी माहीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, ताटात शेपूची भाजी, बाराव्या दिवशी बारसं आणि सव्वा महिना सरला की बाळाला घेऊन देवदर्शन. यातला विटाळाचा भाग वजा केला तर खाली उरते ती एक रजा. तिचा खर्च माहेर सोसतं. दुसऱ्या बाजूला सरकारी दवाखान्यातली भिंत सांगते की, बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको. हा सल्ला बरोबरच आहे. पण सहा महिन्यांतून सव्वा महिना वजा केला की पावणेपाच महिने उरतात. या काळात आई रोजगारावर गेली तर बाळ उपाशी आणि घरी राहिली तर चूल. या पावणेपाच महिन्यांचा खर्च कोणी सोसायचा, या एका प्रश्नाभोवती स्तनपानाचं सगळं धोरण फिरतं. आजवर त्याचं उत्तर आपण पगारदार बाईपुरतं दिलं. याच तालुक्यातल्या उसाच्या, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या रानात राबणाऱ्या बाईला ते मिळालेलं नाही.

आईचं दूध हा मायेचा विषय मानला जातो, पण तो वेळेचाही विषय आहे. बाळ जितक्या वेळा ओढतं, तितकं दूध तयार होतं, अशी ही शरीराची व्यवस्था आहे. सात-आठ तास बाळ छातीशी आलं नाही तर छाती दाटते, ठणकते, आणि असे दिवस लागोपाठ गेले की शरीर दूध कमी करतं. मग घरात म्हणतात, ‘हिचं दूध आटलं.’ तो दोष बाईच्या अंगावर किंवा नशिबावर टाकला जातो, प्रत्यक्षात तो कामाच्या तासांचा असतो. त्यानंतर वरचं दूध सुरू होतं. ते पातळ करायला पाणी, पाजायला बाटली, आणि त्या दोन्हींबरोबर जुलाब. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब असा : स्तनपान जवळपास सर्वत्र नीट होऊ लागलं, तर पाच वर्षांखालच्या मुलांचे वर्षाला सुमारे ८ लाख २३ हजार मृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २० हजार मृत्यू टळतील. आपल्याकडे २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली, पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच होती, आणि सहा महिन्यांखालची निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, तेवढ्याने दूध बाळापर्यंत पोचत नाही. तासाभराचा प्रश्न दवाखान्याच्या शिस्तीने आणि चीक फेकून न देण्याच्या समजुतीने सुटेल. सहा महिन्यांच्या प्रश्नाला भिंतीवरचं पोस्टर पुरत नाही, त्याला मजुरी लागते.

कायद्याने पगारदार बाईसाठी बरंच केलं आहे, हे आधी मान्य करायला हवं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २६ आठवडे म्हणजेच सहा महिने. हा आकडा दवाखान्याच्या सल्ल्याशी बरोबर जुळतो. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुटी आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथे पाळणाघर, याही तरतुदी कायद्यात आहेत, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या पुढे चालू ठेवल्या आहेत. मात्र दुकान वा आस्थापनेत दहा माणसं हवीत, आणि बाईने त्याच मालकाकडे आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम केलेलं हवं. सोमवारी एकाच्या द्राक्षबागेत विरळणी, बुधवारी दुसऱ्याच्या शेतात खुरपणी आणि पुढच्या आठवड्यात टोळीबरोबर उक्तं काम, असं ज्या बाईचं वर्ष जातं तिचा मालक कोण? तिला दहा मालक आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत एकही नाही.

मालक नसलेल्या बाईसाठी सरकारने जे ठेवलं आहे ते मोजून पाहावं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्याने मिळतात आणि उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळते, असा हिशेब मांडला जातो. २०२२ पासून दुसऱ्या बाळासाठी ६,००० रुपये आहेत, पण ते बाळ मुलगी असेल तरच. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे, पण दुसरा मुलगा झाला म्हणून त्याच्या आईला विश्रांती कमी लागते, असं कोणताही वैद्य म्हणणार नाही. आता बाईची मजुरी रोज ३०० रुपये धरली, तर ५,००० रुपये म्हणजे सोळा-सतरा दिवसांची मजुरी. आठवड्याला सहा दिवसांप्रमाणे २६ आठवड्यांची मजुरी ४६,८०० रुपये होते. माहेर सव्वा महिना सांभाळतं आणि सरकार पंधरवडा. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत हा लाभ २०१८ पासून १८,००० रुपयांचा आहे, आणि ओडिशाने आपल्या ‘ममता’ योजनेतली रक्कम २०२३ मध्ये १०,००० वर नेली. ओडिशा महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत म्हणून असं झालेलं नाही.

ऊसतोडणीत हा प्रश्न सगळ्यात उघडा पडतो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, आणि दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की या पट्ट्यात टोळ्या येतात. इथे मजूर मोजला जातो तो कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, ती टनावर फेडायची असते. बाई कामावर आली नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. बाळ फडाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर. अंगणवाडीतलं नाव गावाकडे आणि आई-बाळ दुसऱ्याच तालुक्यात, त्यामुळे पोषण आहारही तुटतो. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींनी गर्भाशय काढून टाकलेलं होतं. ज्या व्यवस्थेत पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, तिथे अंगावर पाजण्यासाठी सहा महिने मागणं हास्यास्पद वाटेल. तरीही ते इथेच मागायला हवेत, कारण इथे बाळाला दुसरा कोणताच आधार नाही.

मागायचे कोणाकडे, याचं उत्तर मुंबई इलाख्यात जवळपास शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणाच्या संरक्षणाचा करार झाला आणि त्यात अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसातून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सुट्या होत्या. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेलं विधेयक पडलं. मग १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठीच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे त्याचा मोठा भार मुळात सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो म्हणून त्यानेही तो सोसणं रास्त आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला. त्या युक्तिवादातला मालकाचा भाग कायद्याने उचलला, सरकारचा भाग मात्र शंभरीच्या उंबरठ्यावरही अर्धवटच आहे.

एक मालक सापडत नसेल तर पैसा कसा उभा करायचा, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. हमालाला दिवसात दहा व्यापारी मालक असतात, म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं काढली आणि व्यापाऱ्यांना मजुरीवरची लेव्ही त्या मंडळांकडे जमा करायला लावली. दुष्काळात रोजगार हमीची कामं काढली तेव्हा १९७५ साली व्यवसाय कर बसवून शहरातल्या पगारदारांनी गावाची मजुरी भरली. बांधकामाच्या खर्चावरच्या उपकरातून राज्याचं मंडळ नोंदणीकृत बांधकाम कामगार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १५,००० रुपये आणि शस्त्रक्रिया झाली तर २०,००० रुपये देतं. आणि ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याकडून या हिशेबाने ५० लाख आणि सरकारचे ५० लाख, असे एक कोटी येतात. या पैशातून ऊसतोड कामगारांच्या मुलांची वसतिगृहंही चालवायची आहेत, हे खरं. तरी त्यातला निम्मा वाटा बाजूला काढला, तर शंभरावर आयांची २६ आठवड्यांची पूर्ण मजुरी भागते. द्राक्ष-डाळिंबाच्या मजूर स्त्रियांसाठी हेच बाजार समितीतल्या उलाढालीवर उभं करता येईल. नोंदणी करायला वेगळं खातं नको; आशाताई आणि अंगणवाडी सेविका भरतात ते माता-बाल कार्ड आधीच आहे.

याला पहिला आक्षेप येतो तो असा, की रजा वाढली की बाईला काम मिळेनासं होतं. पूर्ण पगार एकाच मालकाच्या खिशातून जात असेल तर तो तसा विचार करणारच, म्हणून हा आक्षेप पोकळ नाही. पण तो रजेविरुद्ध नसून रजेच्या खर्चाच्या वाटणीविरुद्ध आहे. कामगार राज्य विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला हेच २६ आठवड्यांचे पैसे विम्याच्या निधीतून मिळतात. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, कामावर बाई ठेवली की पुरुष, यावर मालकाचा हप्ता बदलत नाही. टनावरच्या लेव्हीचंही तसंच आहे. दुसरा आक्षेप घरातून येतो : आमच्या आज्या-पणज्यांनी रानात राबूनच पोरं वाढवली. वाढवली, पण त्या काळी किती पोरं वर्षाच्या आत गेली, हेही त्याच घरांना माहीत आहे. शिवाय एकत्र कुटुंबातली सासू आज स्वतः रोजगाराला जाते. तिसरा आक्षेप, लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतातच की. मिळतात, आणि सहा महिन्यांचे ते ९,००० होतात, म्हणजे मातृवंदनेपेक्षा जास्त. त्यावरून इतकंच सिद्ध होतं की, थेट खात्यात पैसे टाकायची यंत्रणा आणि इच्छा दोन्ही आहेत. पण ते पैसे बाळंतपणाच्या आधीही घरखर्चात धरलेले असतात. बुडालेल्या मजुरीची जागा ते घेत नाहीत. पैसे नवरा उडवेल ही शंका सगळ्याच योजनांवर घेता येईल, आणि तिच्यावरचा उपाय बाईच्या नावाचं खातं हाच आहे. देश श्रीमंत होईपर्यंत थांबा, असंही कोणी म्हणेल; पण अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात आजही देशभर लागू असलेल्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा. पैसा असला की हे आपोआप होतं, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

एक आक्षेप मात्र स्तनपानाच्या प्रचारकांनी स्वतःवर घ्यायला हवा. आईच्या दुधाची महती गाता गाता, ज्या बाईला पाजता येत नाही तिला अपराधी ठरवण्याकडे हा प्रचार झुकतो. दुधाच्या भुकटीच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आली ते योग्यच झालं, कारण तिथे कंपनीचा नफा आवरायचा होता. आईला आवरायचं काही नाही, तिला सवड द्यायची आहे. आपल्या बसस्थानकांत, कचेऱ्यांत आणि अलीकडे पालखी मार्गावर जे हिरकणी कक्ष दिसतात, ते या सवडीचं छोटं रूप आहे. सार्वजनिक जागी आईला पाजण्यासाठी आडोसा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यांना बजावलं. पण ज्या नावाने हे कक्ष उभे आहेत त्या दंतकथेकडे एकदा नीट पाहावं. दूध विकायला रायगडावर गेलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं बाळ आणि अंधारात उतरलेला कडा. तिच्या धैर्याचा सन्मान झाला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला गेला. दरवाजाची वेळ मात्र बदलली नाही. कामावरून बाळाकडे जायला वाट ठेवायची नाही आणि कडा उतरणाऱ्या आईला साडीचोळी द्यायची, ही आपली सवय तिथपासूनची आहे.

सव्वा महिन्याची रीत ज्यांनी घातली त्यांनी बाईचं अंग भरून यायला किती दिवस लागतात, ते मोजलं होतं. बाळाला किती लागतात हे आता आपल्याला ठाऊक आहे, ते मोजून कायद्यातही घातलं आहे, फक्त काही बायांपुरतं. करकंबच्या माहेरांनी आपला सव्वा महिना पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार भरला. उरलेले पावणेपाच महिने त्या श्रमावर चालणाऱ्या कारखान्याने, बाजाराने आणि सरकारने मिळून भरायचे आहेत, आणि टनामागचे ते वीस रुपये कुठे खर्च होतात, हे विचारण्यापासून त्याची सुरुवात करता येते.