घरोब्याचा आवाज : अमीन सयानी

कांहीं माणसांची ओळख चेहऱ्यानें होते, कांहींची लेखणीनें होते, आणि क्वचित् एखाद्याची केवळ आवाजानें होते. ता. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं श्री. अमीन सयानी हे ९१ वर्षांचें आयुष्य पुरें करून मुंबईंत निवर्तले, तेव्हां ज्या असंख्य घरांतून हळहळ व्यक्त झाली, त्यांतील बहुतेकांनीं त्यांना प्रत्यक्ष कधींच पाहिलेलें नव्हतें. जो गृहस्थ आपल्या पंक्तीस बसला नाहीं, लग्नमुंजीस आला नाहीं, ज्याच्याशीं पत्रव्यवहार झाला तर तोही एकतर्फीच, त्याच्या जाण्यानें घरचें माणूस गेल्यासारखें वाटावें हें नवलच नव्हे काय? या नवलाचा उलगडा त्यांच्या आवाजाच्या गोडीपेक्षां त्यांच्या भाषेंत आणि त्या भाषेमागील संस्कारांत आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून त्यांच्या चरित्रांतील त्या बाजूचें स्मरण वाचकांपुढें ठेवीत आहों.

सयानींचा जन्म मुंबईस ता. २१ डिसेंबर १९३२ रोजीं झाला. वडील डॉ. जानमहंमद सयानी हे वैद्यकीय व्यवसाय करीत, आणि मातोश्री कुलसूमबाई यांनीं प्रौढांच्या साक्षरतेस स्वतःला वाहून घेतलें होतें. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें या बाईंनीं १९४० सालीं ‘रहबर’ नांवाचें एक पाक्षिक सुरू केलें, आणि तें तब्बल वीस वर्षें चालविलें. ज्यांना नुकतीच अक्षरओळख झाली आहे अशा प्रौढ स्त्रीपुरुषांसाठीं तें निघे. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत तें छापलें जाई. परंतु लिपी कोणतीही असो, भाषा एकच ठेवलेली असे, आणि ती म्हणजे बाजारांत, चाळींत, आगगाडींत लोक बोलतात ती साधी हिंदुस्थानी. बाळ अमीन या कामांत आईला हातभार लावी. जड शब्द गाळावा, त्याच्या जागीं सोपा घालावा, लांबलेलें वाक्य तोडावें, आणि नवशिक्या वाचकाला आपण अडाणी आहों असें क्षणभरही वाटूं देऊं नये, ही शिकवण त्याला घरांतच मिळाली. पुढें कीर्तीच्या शिखरावर असतांही आपल्या भाषेचें श्रेय सयानी या पाक्षिकासच देत असत. आईच्या मांडीवर मिळालेलें शिक्षण कोणत्याही विद्यालयांतील शिक्षणापेक्षां खोलवर रुजतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

दुसरा गुरु म्हणजे थोरले बंधू हमीद. हे इंग्रजी कार्यक्रमांचे नामांकित निवेदक होते. त्यांनीं धाकट्या भावाला बोटाला धरून मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर नेलें, आणि लहानपणींच त्याला ध्वनिक्षेपकापुढें उभें केलें. अमीनचें शिक्षण ग्वाल्हेरच्या सिंदिया शाळेंत आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत झालें. आरंभीचीं वर्षें त्यांनीं इंग्रजी कार्यक्रमांतच काढलीं. हिंदीकडे ते वळले तेव्हां त्यांच्या उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी या दोहोंची छटा लोकांना जाणवे, असें ते स्वतःच हंसत हंसत सांगत. ज्या आवाजास पुढें सबंध देशानें डोक्यावर घेतलें, तो जन्मतःच पैलू पडलेला हिरा नव्हता. तो मेहनतीनें घासून पुसून तयार केलेला होता.

आतां ज्या काळांत त्यांचा उदय झाला त्या काळाकडे वळूं. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे, विद्वान्, आणि शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत उपासक होते. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडत चालली आहे असें त्यांचें प्रामाणिक मत होतें, आणि त्यांच्या कारकीर्दींत सरकारी नभोवाणीचीं दारें या गीतांना जवळजवळ मिटलीं गेलीं. त्यायोगें अभिजात गायनवादनास मोठा आश्रय मिळाला, हें नाकारतां येणार नाहीं. सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांनाही तें धोरण मनापासून पटलेलें होतें. परंतु तरुण मंडळी गप्प बसणारी थोडीच! त्यांनीं रेडिओचा कांटा दिल्ली-मुंबईवरून सरकवून थेट कोलंबोवर नेला. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त सैन्यासाठीं सिलोनांत उभारलेलें एक बलाढ्य प्रक्षेपणयंत्र युद्धानंतर तेथील सरकारच्या हातीं आलें होतें. त्याच्या लघुलहरी सबंध हिंदुस्थानभर स्वच्छ ऐकूं येत. सैनिकांच्या करमणुकीकरितां आणलेलें यंत्र आमच्या माजघरांतील करमणुकीचें साधन बनलें, ही काळाची लीलाच म्हणावयाची.

याच रेडिओ सिलोनवर ता. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशीं ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका दंतमंजनाच्या जाहिरातीसाठीं काढलेला हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो मुंबईंत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती कोलंबोस धाडल्या जात. सात गीतें वाजवावयाचीं, त्यांचा क्रम श्रोत्यांनीं जुळवावयाचा, आणि बिनचूक उत्तरास शंभर रुपयांचें बक्षीस, असें त्याचें पहिलें स्वरूप होतें. निवेदन करावें, मजकूर लिहावा आणि आलेलीं पत्रेंही तपासावीं, या सर्वांचा मोबदला आठवड्यास २५ रुपये! एवढ्याशा रकमेसाठीं इतका खटाटोप कोणी अनुभवी मनुष्य पत्करीना, म्हणून तें काम एकोणीस वर्षांच्या अमीनच्या गळ्यांत पडलें. पहिल्याच कार्यक्रमास ९,००० पत्रें आलीं, आणि पुढें ही संख्या आठवड्यास ६०,००० च्या घरांत गेली, असें ते सांगत. तेव्हां स्पर्धा बंद करून गीतांची लोकप्रियतेनुसार मांडणी सुरू झाली. तबकड्यांच्या विक्रीचे आंकडे दुकानदारांकडून मागवावयाचे. पण पैसेवाले निर्माते आपल्याच तबकड्या घाऊक विकत घेऊन फसवूं लागले, तेव्हां गांवोगांवच्या श्रोतासंघांचीं मतेंही त्यांत मिळवावयाचीं, अशी पद्धति पडली. प्रत्येक गीताच्या स्थानास सयानी ‘पायदान’ म्हणत. माळेंतील सर्वांत मानाचें गीत ‘सरताज’, आणि त्याच्या आधीं बिगूल वाजे. घराघरांतील मुलें त्या बिगुलासाठीं जागीं राहत.

हा आवाज आमच्या नेकनूरसारख्या गांवांत आला, तेव्हां त्यानें जें केलें तें मुंबईकरांच्या सहसा ध्यानांत येणार नाहीं. नेकनूर हें बीड तालुक्यांतील, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या वाटेवरचें गांव. त्याच्या नांवांतच ‘नेक’ आणि ‘नूर’ असे दोन शब्द दिसतात. पहिल्याचा अर्थ भला, दुसऱ्याचा प्रकाश. ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. कचेरींतले कागद उर्दूंत, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षण उर्दूंत. मराठी घरांत बोलावयाची, आणि उर्दू पोटासाठीं शिकावयाची, असा रिवाज होता. रझाकारांच्या धामधुमींत आणि त्यानंतरच्या सूडाच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या निरपराध घरांवर जें ओढवलें, त्याचे व्रण लवकर बुजणारे नव्हते. उर्दू म्हणजे दरडावणीची भाषा, ही गांठ कित्येकांच्या मनांत घट्ट बसली. आणि ज्यांची ती घरची भाषा, त्यांना ती चारचौघांत मोठ्यानें बोलावयाचा संकोच वाटूं लागला.

अशा वेळीं, चारच वर्षांनीं, तीच बोली कोलंबोच्या वाटेनें परत आली. या खेपेस ती हुकूम सोडीत नव्हती. ती आर्जवानें, हंसतमुखानें बोलत होती. आमचे एक चुलत आजोबा जन्मभर उर्दू दफ्तरांत राबलेले. परंतु १९४८ नंतर त्यांनीं उर्दू अक्षर डोळ्यांसमोर धरलें नव्हतें. गांवांत वीज नव्हती. जड बॅटरीवर चालणारा रेडिओ, पोस्टांत दरसाल पैसे भरून घेतलेला त्याचा परवाना, आणि बुधवारीं रात्रीं आठ वाजतां ओसरीवर जमलेली वाड्यांतील व शेजारची मंडळी, असा तो थाट. आजोबा प्रथम पाठ फिरवून बसत. पुढें आत्याबाईंना एखादा शब्द अडला, कीं तेच मान वळवून त्याचा अर्थ सांगूं लागले. आणि कांहीं महिन्यांनीं पलीकडच्या आळींतील मौलवीसाहेबांशीं त्यांचा शब्दांच्या व्युत्पत्तीवरून वाद रंगूं लागला. आमच्या पाहण्यांत त्या दोघांचें बोलणें कित्येक दिवसांत प्रथमच तेव्हां सुरू झालें. रेडिओनें गांव सुधारला असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. मात्र एका भाषेवरचा राग उतरावयास एक सभ्य आवाज पुरे झाला, एवढें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

तो आवाज सभ्य वाटे याचीं कारणें सूक्ष्म आहेत. सभेंत वक्ते ‘भाइयो और बहनो’ म्हणत. सयानींनीं तो क्रम उलटा करून ‘बहनो और भाइयो’ म्हणण्याचा परिपाठ ठेवला. गोष्ट लहान दिसते. परंतु ज्या घरांत पाहुण्यांनीं आधीं पुरुषमंडळींचीच विचारपूस करावयाची, त्या घरांतील वहिनींना आणि आत्याबाईंना हा पाहुणा प्रथम नमस्कार करी! त्यांच्या थट्टेंत पाणचटपणा नसे. सासऱ्याच्या देखत सुनेनें ऐकावें आणि कोणालाही मान खालीं घालावी लागूं नये, हें पथ्य त्यांनीं वर्षानुवर्षें पाळलें. नटनट्यांच्या भानगडी सांगण्यापेक्षां गीत कोणीं लिहिलें, चाल कोणीं बांधली, गायिलें कोणीं, हें ते अगत्यानें सांगत. चित्रपटगीत म्हटलें कीं कपाळास आंठी घालणाऱ्या वडिलांनाही यामुळें कळूं लागलें, कीं या गीतांमागें व्यासंगी कवि आणि कसलेले गवई-बजवये आहेत.

त्यांत मराठी माणसांचा वांटा थोडा नव्हता. १९५३ च्या वार्षिक यादींत अग्रस्थान मिळालें तें ‘अनारकली’ या बोलपटांतील गीताला. गाणाऱ्या लता मंगेशकर, आणि संगीतकार नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. याच चितळकरांनीं भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या बोलपटांत जॅझ नांवाच्या अमेरिकन संगीताचा ठेका आणि ट्रंपेट-सॅक्सोफोनची उसळी आणली. जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या दुःखांतून आणि उल्हासांतून उपजलेलें संगीत. मुंबईंत तें ताजमहाल हॉटेलांत १९३० नंतरच्या दशकांत स्थिरावलें, आणि गोमंतकीय वादकांनीं तें आत्मसात् केलें. त्यांतील अँटोनियो झेवियर वाझ यांना सारी मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखी. ते चितळकरांचे साहाय्यक होते, आणि ‘अलबेला’च्या पडद्यावर आपल्या ताफ्यासह दिसतातही. ज्या ओसरीवर जॅझ हा शब्दही ठाऊक नव्हता, तेथें त्याचा ठेका मुलांच्या पायांत शिरला तो असा, सयानींच्या ‘पायदाना’वरून उतरून.

येथें आणखी एका निवेदकाची आठवण होते. अमेरिकेच्या सरकारी नभोवाणीवर १९५५ पासून विलिस कॉनोव्हर हे जॅझचा कार्यक्रम करीत. त्यांच्या देशांतील १९४८ च्या कायद्यामुळें ती नभोवाणी खुद्द अमेरिकेंतील लोकांसाठीं नसे. म्हणून १९९६ सालीं ते वारले तेव्हांही स्वदेशांत त्यांचें नांव फारसें कोणास माहीत नव्हतें. मात्र पोलंड आणि रशियांतील श्रोते त्यांना देवासारखे मानीत. इंग्रजी धड न येणाऱ्यासही कळावें म्हणून ते मुद्दाम सावकाश, सोप्या शब्दांत बोलत. एक वॉशिंग्टनचा, एक मुंबईचा. दोघांचीही विद्या एकच. ऐकणारा आपल्यापेक्षां कमी शिकलेला असेल, पण कमी शहाणा नाहीं, हें दोघांनीं ओळखलें होतें.

सयानींच्या कार्यावर आक्षेप घेतां येणार नाहींत असें नाहीं. कलेस आंकडे लावून तिची उतरंड रचणें रसिकांना रुचणार नाहीं. पुष्कळ खपलें तें उत्तम, हा समज त्यामुळें बळावला असेलही. दंतमंजन खपविण्याच्या धंद्यांतून हें सारें जन्मलें हेंही खरें. परंतु धंद्याच्या नोकरींत राहूनही मनुष्याला आपली पायरी राखतां येते, हें त्यांनीं दाखविलें. सिलोनवरून १९८८ पर्यंत, आणि पुढें विविध भारतीवरून, अशी गीतमाला चार दशकांहून अधिक चालली. १९७५ सालीं हमीद वारले; तेव्हां थोरल्या भावाचा मुलांसाठींचा ‘बोर्नव्हिटा’ प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम धाकट्यानें खांद्यावर घेतला. २००९ सालीं सरकारनें त्यांना ‘पद्मश्री’ दिली. त्यांच्या मातोश्रींना ती पूर्वींच मिळालेली होती. एकाच घरांत आई आणि मुलगा यांना हा मान मिळावा, आणि तोही एकाच विद्येसाठीं, म्हणजे सोपें बोलण्यासाठीं, हा योग दुर्मिळ होय.

आज प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र यंत्र आहे. एकाच छपराखालीं पांच माणसें पांच गीतें ऐकतात, आणि एकाचें दुसऱ्यास कळत नाहीं. सोय मोठी आहे, आणि ती टाकून द्या असें आम्ही म्हणणार नाहीं. आमची सुचवणी इतकीच आहे, कीं आठवड्यांतून एक संध्याकाळ तरी घरांतील लहानथोरांनीं मिळून एक गोष्ट ऐकावी, आणि तिच्याविषयीं परस्परांशीं बोलावें. वडिलांनीं आपली आवड लादूं नये, आणि मुलांनीं वडिलांच्या आवडीस हंसूं नये. बोलतांना घरांतील सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला समजेल असा शब्द निवडावा. कुलसूमबाईंनीं मुलाला शिकविलें तें एवढेंच, आणि मुलानें देशाला ऐकविलें तेंही एवढेंच.