ॲस्बेस्टॉसचा संपर्क, मेसोथेलिओमा आणि माजी सैनिक : सेवानोंदींचा प्रश्न

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि लष्कर यांचे नाते जुने आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आणि वाहन संशोधन व विकास संस्था या तीन महत्त्वाच्या संस्था येथे आहेत. सैनिकाच्या आरोग्याचा विचार करताना युद्धातील जखमा व अपंगत्व यांचा उल्लेख होतो; परंतु सेवाकाळात श्वासावाटे शरीरात गेलेल्या आणि निवृत्तीनंतर काही दशकांनी व्याधी निर्माण करणाऱ्या धुळीचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ॲस्बेस्टॉस व मेसोथेलिओमा यांचा संबंध स्पष्ट करून, या रोगाच्या संदर्भात सेवानोंदी निर्णायक का ठरतात, याची मांडणी केली आहे.

रोगाचे स्वरूप

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते उष्णतेस दाद देत नाही, स्वस्त असते आणि कापडाप्रमाणे विणता येते. या गुणांमुळे विसाव्या शतकात त्याचा सर्वत्र वापर झाला. त्याचे अतिसूक्ष्म तंतू फुप्फुसात खोलवर जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. परिणामी तेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे विकार उद्भवतात. मेसोथेलिओमा हा प्रामुख्याने फुप्फुसावरणाचा व काही वेळा उदरावरणाचा कर्करोग होय. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांच्या अभ्यासातून त्याचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध पुढे आणला.

या रोगाची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले म्हणजे, संपर्क व रोगनिदान यांत साधारणतः २० ते ५० वर्षांचे अंतर असते. दुसरे म्हणजे, निदानानंतरचे आयुष्य बहुधा एक-दीड वर्षाचेच असते. म्हणजे रोग येण्यास अर्धे आयुष्य लागते आणि दावा करण्यास मात्र महिनेच उरतात. छातीत पाणी होणे हे त्याचे प्रमुख लक्षण असल्याने, क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात प्रथम क्षयाचाच संशय घेतला जाणे स्वाभाविक आहे. रुग्णाने पूर्वी कोठे काम केले, हा प्रश्न विचारला गेला नाही तर खरे कारण दृष्टीआडच राहते.

सैन्यदलांतील संपर्क

सर्वाधिक संपर्क नौदलात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर बांधलेल्या जहाजांतील बॉयलर, वाफेच्या नळ्या व इंजिनकक्ष यांना ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असे. बंदिस्त जागेत दुरुस्ती करताना ते फोडले जाई. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू नौका अलंग येथे मोडण्यासाठी निघाली असता तिच्यातील ॲस्बेस्टॉसमुळेच वाद निर्माण झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तिला परत बोलाविण्यात आले.

भूदलातील परिस्थिती निराळी आहे. त्या काळच्या वाहनांच्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत, गॅस्केटमध्ये तसेच इमारतींच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ब्रेकची धूळ दाबाच्या हवेने उडवणे, अस्तर घासणे किंवा पत्रे कापणे यांतून तंतू हवेत मिसळतात. हा संपर्क बॉयलरकक्षातील संपर्काच्या तुलनेने पुष्कळच कमी असतो. त्यामुळे प्रत्येक सैनिकाला सारखाच धोका आहे असे मानणे अशास्त्रीय ठरेल. कोण, कोठे, कोणते काम किती वर्षे करीत होता, हेच येथे महत्त्वाचे.

भारतीय संदर्भ : नोंद व न्याय

मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. शोधले तर रोग सापडतो, हा त्याचा बोध होय.

ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निर्णय येथे मार्गदर्शक आहे. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत, जतन करावी असा आदेश न्यायालयाने दिला. रोगाचा दीर्घ सुप्तकाल ओळखणारी ही तरतूद आहे.

सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा निकष मात्र वेगळा आहे. विकार लष्करी सेवेमुळे उद्भवला वा वाढला, हे ठरावे लागते. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसल्यास गृहीतक सैनिकाच्या बाजूने धरले. तथापि सेवामुक्तीनंतर प्रकट होणाऱ्या रोगांसाठी १९८२ व २००८ च्या नियमांनी मोजक्याच वर्षांची मर्यादा घातली होती. २० ते ५० वर्षांनी प्रकटणाऱ्या रोगाला अशी चौकट अपुरी पडते, हे उघड आहे.

इतर देशांची वाटचाल बोलकी आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पूर्वीच्या सेवेतील संपर्काबद्दल सैनिकांना सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येत नसे. २०१६ पासून तेथे मेसोथेलिओमाग्रस्त माजी सैनिकांना १ लाख ४० हजार पौंडांच्या एकरकमी भरपाईचा पर्याय देण्यात आला. अमेरिकेत दावा तपासताना नौदलातील कोणत्या पदावर संपर्काची शक्यता किती, याची कोष्टके वापरली जातात. त्यामुळे मरणासन्न रुग्णावरील पुराव्याचा भार हलका होतो.

समारोप

भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. म्हणून हा प्रश्न केवळ इतिहासजमा नाही. लष्करी कार्यशाळा, जहाजे व गोद्या यांतील पदनिहाय संपर्काची नोंद तयार करणे, ती निवृत्तीनंतरही जतन करणे आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांत सेवाकाळातील कामाची विचारणा सक्तीची करणे, या तीन गोष्टी प्राधान्याने व्हावयास हव्यात.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजना व समाजशास्त्र विभाग यांनी गावोगावच्या माजी सैनिकांचे पद, कार्यस्थळ, कामाचे स्वरूप व कालावधी यांची त्यांच्या संमतीने नोंद केल्यास तो अभ्यासकांना उपयुक्त असा संदर्भसाठा होईल. एखाद्या कुटुंबाला पुढे दावा करावा लागला, तर त्याच चार ओळी पुरावा म्हणून उपयोगी पडतील. ज्यांना ते काम आठवते, ती पिढी आज वार्धक्याकडे झुकली आहे. नोंद करण्याची वेळ आताच आहे.