बाजरीचं पीठ आणि लष्कराची निविदा

आमच्या देवळ्याकडे बाजरी महिन्याची एकदम कुणी दळून आणत नाही. दाण्यात तेल असतं. पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं. घरातली ही गोष्ट आता लष्करी खरेदीतही पाहावी लागेल.

अर्ध्या शतकापूर्वी गव्हाच्या पिठासाठी सैन्याच्या शिध्यातून भरडधान्यं गेली. ती परत आणण्याचं मार्च २०२३ मध्ये जाहीर झालं: बाजरी, ज्वारी, नाचणीचं पीठ, धान्याच्या ठरलेल्या वाट्यापैकी २५ टक्क्यांपर्यंत, तेही जवानांच्या पसंतीनं.

कमी पाण्याच्या पिकाला एवढं मोठं गिऱ्हाईक मिळणं चांगलंच. पण सरकारी खरेदीत चालतो तो निविदेतला मजकूर. तिथे नुसतं 'बाजरीचं पीठ' लिहिलं, तर स्वस्तातलं पोतं जिंकणार. ते लडाखला पोचेपर्यंत कडू झालं, तर जवान पुन्हा गहूच मागणार. म्हणून दळल्याची तारीख, टिकण्याची मुदत करारात हवी. बाजरी खरिपातली कोरडवाहू, की पाणी पाजून काढलेली उन्हाळी, हेही हवं. नाहीतर पाणी वाचलं कुठं?

शक्य तिथं पिठाऐवजी दाणेच घ्यावेत आणि छावणीजवळ दळावेत. आमच्याच जिल्ह्यात देवळालीला तोफखान्याची छावणी आहे. गिरण्यांची तर नाशकात वाण नाही!