जुन्या लॅपटॉपला लिनक्सचा आधार

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणारा लॅपटॉप मात्र लगेच भंगारात काढायला नको.

त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते. तिच्या हलक्या ‘एक्सएफसीई’ आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर उत्तम. डिस्कवर २० जीबी जागा हवी. मिंटची आयएसओ फाइल ‘बलेना एचर’ या प्रोग्रामने रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवून त्यावरून लॅपटॉप सुरू केला, की लॅपटॉपवरचे काहीही न पुसता लाइव्ह सिस्टीम चालते. वाय-फाय, आवाज, मराठी टायपिंग तिथेच तपासता येते.

इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आणि कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवावीत. रत्नागिरीच्या पावसात वीज कधीही जाते. बॅटरी थकली असेल तर इन्व्हर्टरवरच हे काम करावे.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे मराठी धडे मोफत आहेत.