शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न : किरणोपचार लगेच की गरज पडल्यास?

जबलपूरच्या नेपियर टाऊनमध्ये राहणारे माझे मामा तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मुदत ठेवीच्या तीन पावत्या घेऊन आमच्या घरी आले. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील त्यांच्या शस्त्रक्रियेस दोन महिने झाले होते. ग्रंथी काढली गेली होती. परंतु काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्याचे अहवालात नमूद होते. ‘‘अरे, या मोडून दे. मुंबईला जाऊन किरणोपचार घेऊन येतो, म्हणजे एकदाचा घोर मिटेल,’’ मामा म्हणाले. डॉक्टरांनी मात्र दोन्ही मार्ग समोर ठेवून विचार करण्यास सांगितले होते. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊ शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. ती पीएसए नावाचे प्रथिन तयार करते. ग्रंथी पूर्ण काढल्यावर सुमारे सहा आठवड्यांत रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर यावयास हवे. पुढे ते वाढून ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर झाले आणि फेरतपासणीतही तसेच आढळले, तर आजार परतल्याचे सामान्यतः मानले जाते. म्हणजेच शरीर स्वतःच आपले खाते लिहीत असते. आपण ते नियमित तपासावयाचे असते.

किरणोपचार देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पीएसए शून्यवत असतानाही शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच ते दिले जातात. दुसऱ्या रीतीत तपासणी चालू ठेवून, पीएसए वाढू लागताच तत्परतेने दिले जातात. २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी पहिल्या रीतीस बळ दिले होते. पण त्यांत थांबलेल्या अनेक रुग्णांना वेळेवर उपचार मिळालेच नव्हते. ही उणीव नंतरच्या तीन चाचण्यांनी भरून काढली. ब्रिटन, कॅनडा, डेन्मार्क व आयर्लंडमधील रॅडिकल्स, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील रेव्हज आणि फ्रान्समधील गेटुग १७ यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही मिळून २१५३ रुग्ण होते. रॅडिकल्समध्ये पाच वर्षांनी पीएसए न वाढलेल्यांचे प्रमाण लगेच उपचार घेणाऱ्यांत ८५ टक्के, तर थांबणाऱ्यांत ८८ टक्के होते. २०२४ मध्ये दहा वर्षांचे आकडे आले : आजार दूरच्या अवयवांत न पसरलेले अनुक्रमे ९३ व ९० टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. विशेष म्हणजे थांबणाऱ्यांपैकी केवळ ३३ टक्के रुग्णांना आठ वर्षांत किरणोपचार घ्यावे लागले.

उरलेल्यांचे काय वाचले? किरणांमुळे लघवीवरील ताबा कमी होणे, मूत्रमार्ग अरुंद होणे, गुदाशयातून रक्तस्राव आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम असे त्रास संभवतात. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा हळूहळू परत येत असतो. त्या आधीच किरण दिल्यास ती सुधारणा अडखळू शकते.

तथापि, थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. आजार वीर्याशयात किंवा लसिका ग्रंथींत शिरला असेल, ग्लीसन गुणांक ८ ते १० असेल, अशा अधिक जोखमीच्या रुग्णांबाबत लगेच उपचारांचा विचार करावा लागतो. वाढीचा वेगही महत्त्वाचा. चक्रवाढ व्याज आपणास परिचित आहे : रक्कम किती यापेक्षा ती किती काळात दुप्पट होते हे पाहावे. पीएसएचेही तसेच. ०.१ चे ०.२ होण्यास तीन महिने लागले की दीड वर्ष, यावरून आजाराचा स्वभाव कळतो. पीएसए कमी असतानाच, ०.५ पर्यंत जाण्यापूर्वी उपचार सुरू केल्यास ते अधिक गुणकारी ठरतात.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहूनच न्यावेत : माझी जोखीम किती? तपासणी दर किती महिन्यांनी? कोणत्या आकड्यास उपचार सुरू करावयाचे? सोबत हार्मोन उपचार लागतील काय? शक्यतो शल्यविशारद आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांचेही मत घ्यावे.

आता पैशांविषयी. किरणोपचार सोमवार ते शुक्रवार, चार ते सात आठवडे चालतात. औषधांइतकाच मुक्कामाचा खर्च विचारात घ्यावा. नागपूरसारखे जवळचे केंद्र असता सुमारे हजार किलोमीटरवरील मुंबईच गाठावी असे नाही. घाईने ठेव मोडल्यास व्याजात कपात होते. त्याऐवजी ठेवीच्या तारणावर कर्ज घेता येते. विमा कंपनीची पूर्वसंमती मागावी. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवावे.

मामांच्या लसिका ग्रंथी स्वच्छ होत्या, पीएसए शून्यवत होते. त्यांनी थांबावयाचे ठरविले. मामीने दर तीन महिन्यांची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली. दीड वर्ष आकडा हलला नाही, मग ०.१ झाला, पुढच्या वेळी ०.२. त्याच महिन्यात नागपुरास मावशीकडे राहून त्यांनी वीस बैठकांचे किरणोपचार घेतले. ‘‘आधीच घेतले असते तर?’’ असे मी एकदा विचारले. ‘‘तेव्हा मला घराबाहेर पडायचीही लाज वाटत होती. आता ताबा परत आल्यावर गेलो,’’ ते म्हणाले. गेल्या तपासणीत आकडा पुन्हा खाली आला आहे. तीन पावत्यांपैकी दोन अजून तशाच आहेत, आणि दिनदर्शिकेवरील लाल तारखाही.